चितऱ्याचे कान

पारनेरच्या गुरांच्या दवाखान्यात कृपादान कंपाउंडर होता. बहात्तर सालचा दुष्काळ पडला नसता तर तो आपला मुकाट्यानं कंपाउंडरच राहिला असता, आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, एका बाजूला गुरं अडकवायचा लाकडी खोडा आणि समोर एक जुना लिंब. डॉक्टर रंगनाथराव हे तिथले साहेब. त्या साली पावसानं पाठ फिरवली, तालुक्यात गुरांच्या छावण्या उघडल्या आणि रंगनाथरावांना वरून हुकूम आला, की छावण्यांवर फिरा. सोमवारी सकाळी ते मोटारसायकलला लाथ मारून जायचे ते शुक्रवारी धुळीनं माखून उगवायचे. जाताना औषधाच्या कपाटाची किल्ली कृपादानच्या हातावर ठेवायचे आणि दर वेळी तेच सांगायचे, "मलमपट्टी कर, जंताचं दे, पोटफुगीचं दे. बाकीचं माझ्यासाठी ठेव."

कृपादानचा आजा मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेला, बाप मिशनच्या शाळेत मास्तर. पोरगा डॉक्टर होईल असं बापानं मनात धरलं होतं, पण पोरगा मॅट्रिकला गणितात आपटला तो आपटलाच. मग ही नोकरी. वीस वर्षं झाली. हात मात्र त्याचा हलका होता. जखम धुताना बैल लाथ झाडत नसे, आणि आडमुठी म्हैससुद्धा त्याच्यापुढं नरम पडे. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ऐकताना तुम्हाला त्याचा राग येईल. यावाच.

छावण्या सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीनं त्याला "डाक्टर" म्हटलं. त्यानं लगेच सांगितलं, "मी डॉक्टर न्हाई आजी, कंपाउंडर हाय." दुसऱ्या आठवड्यात दोघा-चौघांनी म्हटलं, तेव्हा तो नुसता हसला. तिसऱ्या आठवड्यात हसणंही बंद झालं. खुंटीला रंगनाथरावांचा जुना पांढरा कोट लोंबत होता, तो त्यानं घरी नेऊन धुतला आणि अंगात घालायला सुरुवात केली. बायको मरियानं विचारलं तर म्हणाला, "धुळीनं कपडे खराब हुत्यात." जसा काही वीस वर्षं पारनेरात धूळच नव्हती. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसं चाललं होतं. गोड लागत होतं त्याला.

अशात दसऱ्यानंतर एका बाजाराच्या दिवशी भीमा धनगर आपला कुत्रा घेऊन आला.

भीमाचा वाडा राळेगणच्या वाटेवरच्या माळावर. वाडा म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण आणि त्यात साठ-सत्तर मेंढरं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्या साली तर माळावर काडी नव्हती, त्यामुळं निघायची घाई जास्तच. आणि निघायचं तर चितऱ्या धड हवा. चितऱ्या म्हणजे हा कुत्रा, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला, पाच वर्षांचा. भीमानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली की अर्ध्या कोसावरून पळत यायचा. शिळेशिळेत फरक ओळखायचा. एकीला मेंढरं वळवायचा, दुसरीला लांडग्यावर जायचा. त्याच्या जिवावर सगळा कळप होता.

धनगर लोक पिल्लू लहान असतानाच कुत्र्याच्या कानाची टोकं कापतात. लांडग्याला धरायला काही सापडू नये म्हणून. पण कापलेला कान उघडा राहतो, आणि त्या वर्षी वाळक्या गवताचं कुसळ नुसतं उडत होतं. ते चितऱ्याच्या दोन्ही कानांत गेलं. तो मान वाकडी करून चालायला लागला, डोकं झाडायला लागला, कानांतून घाण वास यायला लागला.

"कुसळ म्याच काढलं," भीमा कमरेचा काटे काढायचा चिमटा दाखवत म्हणाला. "ह्यानं. लई खोल हुतं डाक्टर. राहीनं तोंड धरलं आन म्या वढलं. रगत बी आलं दोनी कानातनं."

राहीबाई म्हणजे त्याची बायको. ती कुत्र्याच्या गळ्याला हात घालून मागं उभी होती.

रक्त आलं हे कृपादाननं ऐकलं. चांगलं ऐकलं. आणि त्याला कपाटातल्या त्या बाटल्याही आठवल्या. वर्षापूर्वी फौजदारसाहेबांच्या कुत्र्याचा कान सुजला होता, तेव्हा रंगनाथरावांनी नगरहून कानात घालायचे थेंब मागवले होते. त्यातल्या तीन बाटल्या उरल्या होत्या. त्या दिवशी फौजदाराच्या कुत्र्याचं तोंड कृपादाननंच धरलं होतं आणि रंगनाथराव काय बोलले ते शब्दन् शब्द ऐकलं होतं. "हे स्टेरॉइड आहे कृपादान. सूज अशी उतरते की बघत राहावं. म्हणूनच जपून वापरायचं. आधी बॅटरी लावून कानाचा पडदा शाबूत आहे का ते बघायचं. पडदा फाटला असेल तर ह्यात जे दुसरं औषध मिसळलेलं आहे ते आत उतरतं आणि ऐकणंच घेऊन जातं. थेंब मोजून, पाच-सात दिवस, मग परत कान बघायचा आणि बंद करायचं. बाटली मालकाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही."

कृपादाननं कपाट उघडलं. कान बघायची बॅटरी काढली. चितऱ्याच्या कानात लावून वाकून बघितलं. आत लाल होतं, पू होता, केस होते. पडदा कुठला, तो फाटका की धड, हे त्याला काही म्हणजे काही उमगलं नाही. भोवती बाजाराला आलेली पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती.

"काय दिसतंय डाक्टर?" कुणीतरी विचारलं.

"मला कळत नाही, शुक्रवारी या." एवढंच बोलायचं होतं. पाच शब्द. शुक्रवार तीन दिवसांवर होता, कुत्रा काही मरत नव्हता. पण अंगात पांढरा कोट होता आणि भोवती माणसं होती. ते पाच शब्द त्याच्या तोंडातून निघाले नाहीत.

"सूज हाय," तो म्हणाला. "उतरंल."

त्यानं दोन्ही कान पुसून थेंब घातले. चितऱ्या एकदम अंग चोरून कळवळला, दोन-तीनदा घोट गिळल्यासारखं केलं. तेही कृपादाननं बघितलं आणि सोडून दिलं. भीमानं विचारलं, "किती दिस घालू?" तर म्हणाला, "खाजवतोय तवर घाल, सकाळ-दुपार-संध्याकाळ." किती थेंब विचारलं तर म्हणाला, "कान भरंस्तवर." आणि अख्खी बाटली त्याच्या हातात दिली.

औषधानं आपलं काम केलं. पाचव्या दिवशी चितऱ्याची मान सरळ, सूज गायब, वास कमी. भीमा भर दवाखान्यात घोंगडं घेऊन आला. घरच्या मेंढरांच्या लोकरीचं, काळं, दाट विणीचं नवंकोरं घोंगडं. ते त्यानं कृपादानच्या खांद्यावर घातलं आणि जमलेल्यांना म्हणाला, "मोटे डाक्टर नसले तरी आडत न्हाई आपलं!" कृपादाननं नको नको म्हणत घोंगडं घेतलं. परत खाजवलं तर असावी म्हणून भीमानं दुसरी बाटली मागितली, तीही दिली. पुढं पंधरा दिवसांनी तिसरीही दिली. तेव्हा भीमा जाता जाता म्हणाला होता, "पानी लई पितोय वो हल्ली. आन मुततोय बी लई."

"ऊन हाय," कृपादान म्हणाला.

दिवाळी झाली. भीमाचा वाडा हलायच्या तयारीत होता, तेव्हा एके दिवशी दुपारी तो चितऱ्याला घेऊन परत आला. मेंढरं ओढ्याच्या काठानं चरत होती, लांडगा भरदुपारी आला, भीमानं शीळ घातली, ओरडला, दगड मारले. चितऱ्या वीस पावलांवर बाभळीच्या सावलीत झोपलेला. उठलाच नाही. लांडग्यानं कोकरू उचललं आणि गेला.

"पाठीमागनं टाळी वाजवून बगा," भीमा म्हणाला.

कृपादाननं चितऱ्याच्या मागं उभं राहून टाळी वाजवली. मग पातेल्यावर पळी आपटली. कुत्रा समोरच्या कोंबडीकडं बघत बसला होता. त्याचं अंगसुद्धा थरथरलं नाही. काय झालंय ते कृपादानला त्याच क्षणी कळलं. पडदा फाटका होता. चिमट्यानं फाटला होता, आणि आपण त्यात महिनाभर औषध ओतायला लावलं.

"वय झालं की हुतं असं," तो म्हणाला.

पाच वर्षांच्या कुत्र्याचं वय! पण भीमानं मान डोलावली. डाक्टरच म्हणतोय म्हटल्यावर तो बिचारा काय बोलणार. तो गेल्यावर कृपादान आतल्या खोलीत जाऊन औषधाच्या खोक्यावर बसला. स्वतःची इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती, मॅट्रिकचा निकाल घेऊन बापापुढं उभा राहिला तेव्हासुद्धा नाही. तरीही संध्याकाळी कुणी "डाक्टर" म्हणून हाक मारली तेव्हा त्यानं ओ दिली.

त्या दिवसापासून तो घोंगड्याला शिवेना. थंडी पडायला लागली होती. मरियानं घोंगडं अंथरलं तर त्यानं ते घडी करून परत पेटीवर ठेवलं. "इतकं चांगलं हाय, वापरत का न्हाई?" तिनं विचारलं. रविवारी मिशनच्या देवळात पाळकसाहेब पापांची कबुली म्हणायला लागले की सगळ्यांबरोबर त्याचे ओठ हलत, आवाज मात्र फुटत नसे.

तीन आठवडे असे गेले. भीमाचं कोकणात जाणं रखडलं होतं. बहिऱ्या कुत्र्याच्या भरवशावर घाट कोण उतरणार? पोटासाठी राहीबाई सडकेच्या कामावर खडी वाहायला जात होती. एका बुधवारी ती दवाखान्यात आली, एकटीच, पाय ओढत. पडवीत बसून तिनं तळवे वर केले. दोन्ही तळव्यांना भेगा पडलेल्या, एका टाचेत खडीचा कपचा रुतून पिकलेला.

"जनावराच्या खुराला लावता ते मलम द्या डाक्टर वाईच," ती म्हणाली. "मानसाच्या दवाखान्यात लई वेळ जातोय."

"खडीवर अनवाणी जाता व्हय? वहाणा कुठं हायत?"

राहीबाई खाली बघत बोलायला लागली. "तुमाला म्हून सांगते. चितऱ्या म्हातारा न्हाई झाला, डाक्टर. त्येला म्या बहिरा केला. त्यो लई पानी पीत हुता. दीड कोसावनं हंडा आनायचा, आन ह्यानं येऊन तोंड घालायचं. एक दिस माजं डोस्कं फिरलं. फुंकनी हुती हातात, ती त्येच्या कानाखाली हानली. त्याच्यानंतर त्येला ऐकू येईना." तिनं पदरानं डोळे पुसले. "बिरोबाला बोलले, त्येला ऐकू येस्तवर पायात वहान घालनार न्हाई. धन्याला अजून सांगितलं न्हाई म्या, फुंकनीचं. कोन्त्या तोंडानं सांगू?"

कृपादाननं तिची टाच धुतली, कपचा काढला, मलम लावलं. आता बोलावं, आता बोलावं असं म्हणता म्हणता पट्टी बांधून झाली. बाई उठली आणि म्हणाली, "तुमी देवमानूस हाय." मग पट्टी बांधलेल्या पायानं लंगडत परत खडीवर गेली. तो बघत राहिला. चितऱ्याचे कान घालवले ती एकवेळ चूक म्हणा. पण हे? ह्याला नाव काय द्यायचं ते त्याचं त्यालाही सापडेना.

शुक्रवारी रंगनाथराव आले, तेव्हा कृपादान पडवीत उभाच होता. अंगात कोट नव्हता. त्यानं तिन्ही बाटल्यांचं सांगितलं. चिमट्याचं, रक्ताचं, घोंगड्याचं, म्हातारपणाच्या थापेचं, राहीबाईच्या पायांचं, सगळं.

"बॅटरी लावली होतीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"लावली होती."

"काय दिसलं?"

"काय दिसतंय तेच कळलं नाही, साहेब."

रंगनाथराव म्हणाले, "थेंब घातल्यावर कुत्र्यानं घोट गिळला म्हणतोस. कानातलं औषध घशात उतरलं, म्हणून गिळला. तिथंच थांबायचं होतं. आणि ते पाणी पिणं, सारखं मुतणं, तेही स्टेरॉइडनं. इतके दिवस, इतकं घातल्यावर दुसरं काय होणार? सूज उतरली म्हणून तुम्ही खूश, आणि आत पू तसाच. उद्या कुत्रा बघतो, भीमाकडं उरलेली बाटली घेऊन ये. पण ऐकू येईल असं वाटत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "किल्ली मीच तुझ्याकडं दिली होती. भीमाला मी सांगू का?"

"न्हाई," कृपादान म्हणाला. "मी सांगतो."

शनिवारी सकाळी काखेत घोंगडं घेऊन तो माळावर गेला. भीमा कुंपणाला काटे लावत होता, राहीबाई चुलीपाशी होती. कृपादान बसलाच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एकही आडपडदा न ठेवता. फक्त फुंकणीचं तो बोलला नाही. ते तिचं होतं.

पण राहीबाईनंच विचारलं. चुलीपासून उठून आली आणि नवऱ्यासमोर म्हणाली, "मंग माज्या फुंकनीनं न्हाई झालं?"

"न्हाई बाई. फुंकणीनं काय सुदिक झालं न्हाई. माझ्या औषधानं झालं."

"आन पानी पीत हुता ते?"

"ते बी औषधानंच. त्याला खरीच तहान लागत होती."

कृपादानला वाटलं होतं, ती सुटल्यासारखी होईल. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडात घालून रडायला लागली. "तहानलेल्या मुक्या जनावराला मारलं म्या," एवढंच म्हणत राहिली. भीमा एकदा तिच्याकडं बघे, एकदा ह्याच्याकडं. फुंकणीचं त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं.

"तुमी डाक्टर न्हवता," तो शेवटी म्हणाला, "तर बोलला का न्हाई?"

"तुमी डाक्टर म्हनत हुता," कृपादान म्हणाला. "मला बरं वाटत हुतं."

भीमानं हातातला काटा खाली टाकला. तो ओरडला असता, अंगावर आला असता तर कृपादाननं मार खाल्ला असता. पण तो हळूच बोलला. "नुसतं थांब म्हनायचं हुतं. शुक्रवारपातूर थांबलो असतो. मेंढरामागं जलम गेला आमचा. थांबायची सवय हाय आमाला."

कृपादाननं घोंगडं पुढं केलं. भीमानं हात लावला नाही. राहीबाईनं डोळे पुसून ते घेतलं, त्याची चौपदरी घडी केली आणि वाड्याजवळ चितऱ्या झोपायचा त्या बाभळीखाली अंथरली.

रंगनाथरावांनी कुत्रा तपासला. दोन्ही पडदे गेलेले होते. पू त्यांनी बरा केला, पाणी पिणंही हळूहळू आटोक्यात आलं. ऐकू मात्र आलं नाही. राहीबाईनं बिरोबाला जाऊन काय सांगितलं ते तिला आणि देवाला ठाऊक, पण पुढच्या आठवड्यात सडकेवर तिच्या पायात वहाणा होत्या. भीमानं मेव्हण्याचा कुत्रा मागून घेतला आणि उशिरा का होईना, वाडा कोकणात उतरला. कृपादान दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागला, की मी डॉक्टर नाही. सुरुवातीला लोकांना तो विनय वाटला, मग लोक कंटाळले. तो कंटाळला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. आश्विनात माळावर पुन्हा कुसळ उडायला लागलं आणि एका मंगळवारी भीमा दवाखान्यात आला. काखेत चार महिन्यांचं पिल्लू होतं. कानांची टोकं नुकती कापलेली, मान एका बाजूला वाकडी. हा माणूस परत आपल्या दारात येईल असं कृपादानला वाटलं नव्हतं. पडवीत दहा-बारा माणसं होती.

"चिमटा लावला न्हाई," भीमा म्हणाला. "तुमी बगा आदी."

कृपादाननं बॅटरी काढली. वर्षभरात रंगनाथरावांनी त्याला पाच-पन्नास कान दाखवले होते. तो वाकून वाकून बघत राहिला. कुसळाचं टोक दिसत होतं, त्याच्यामागं सुजेनं सगळं बुजलं होतं.

"काय दिसतंय, कंपाउंडर?" भीमानं विचारलं.

सगळी पडवी ऐकत होती.

"मला कळत न्हाई, भीमा," कृपादान म्हणाला. "शुक्रवारी ये. तवर कानात कायबी घालू नको."

"येतो," भीमा म्हणाला. जसं काही त्याला एवढंच ऐकायचं होतं.

तो पिल्लाला उचलून निघाला. बाहेर लिंबाखाली चितऱ्या बसला होता, मालकाबरोबर सवयीनं आलेला. पाठ दवाखान्याकडं होती. उन्हात त्याचे ठिपके आता राखट दिसत होते. त्याला बघून कृपादानला बरं वाटलं, आणि त्यानं दारातून हाक मारली, "चितऱ्या!"

मग त्यानं खाली मान घातली आणि कोरड्या फडक्यानं बॅटरी पुसत बसला.